मामांचा अंगठा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज दुकान बंद, म्हणून बसलोय. ही म्हणाली, "दिवसभर दुकानात तोंडाला कुलूप लावता आणि घरी येऊन माझं डोकं खाता. त्यापेक्षा लिहून काढा." बायकोचं डोकं शाबूत राहावं म्हणून ही वही.

छापखाना बंद पडला आणि मी सासऱ्यांच्या केशकर्तनालयात लागलो, त्याला वर्ष होत आलं. आयुष्य बाइंडिंग खात्यात गेलं आणि चाळिशीत हातात कात्री आली. केस बऱ्यापैकी जमतात. घरी स्वतःची दाढी मी वस्तऱ्यानेच करतो, पण गिऱ्हाइकाच्या गालाला मात्र अजून लावू दिलेला नाही. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "जावईबापू, तुम्ही कात्री सांभाळा. वस्तऱ्याचं मी बघतो." ते मला अहो-जाहो करतात, त्यामुळे धड ओरडतही नाहीत. मीही त्यांच्यापुढे मान खाली घालून असतो. एकाच आरशासमोर दिवसभर उभे राहून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे वागतो.

सकाळी दुकान उघडलं की मामा वस्तरे चामड्याच्या पट्ट्यावर मारतात आणि मग एकेकाची परीक्षा घेतात. अंगठ्याचं पेर धारेवर आडवं ठेवायचं आणि अलगद सरकवायचं. धारेच्या लांबीने कधीच नाही, नाहीतर अंगठाच जायचा. धार चांगली असेल तर ती कातडीला धरते, म्हणतात. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग निकाल: "हा चालेल," किंवा "हा नाही." मी आलो तेव्हा निम्मे वस्तरे परत धारेच्या दगडावर जायचे. हल्ली कित्येक दिवसांत "हा नाही" ऐकलेलंच नाही. म्हातारपणीही माणसाचा हात किती तयार होत जातो बघा.

आलो तेव्हा मी एकदा शहाणपणा केला होता. वस्तऱ्याने वर्तमानपत्राचा कोपरा सरकन कापून दाखवला. बाइंडिंगमध्ये पाती आम्ही अशीच बघायचो. मामा म्हणाले, "कागदाला दाढी येते का हो?" सगळं दुकान हसलं. पिपाणीकाका तर अजून मला "काय कागदवाले" म्हणून हाक मारतात. हे पिपाणीकाका सभागृहातल्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतात. मामांचे जुने दोस्त. दर रविवारी दाढीला येतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुकानात चहा आला. काचेचा ग्लास इतका तापलेला की मी रुमालात धरला. मामांनी सरळ मुठीत धरला आणि बोलत राहिले. मी म्हटलं, "मामा, तुमच्या हाताला चटका लागत नाही का?" त्यांनी ग्लासकडे पाहिलं आणि खाली ठेवला. म्हणाले, "सवय आहे." मेहनतीचा हात तो मेहनतीचा.

एक मात्र आहे, ते अलीकडे चिडचिडे झालेत. कुणाची दाढी करायला घेतली की रेडिओ बंद करायला लावतात. गिऱ्हाईक बोलायला लागलं तर "जरा थांबा" म्हणतात. वय झालं की आवाज सहन होत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज जे केलं ते करायला नको होतं.

मामा जेवायला घरी गेले होते. त्यांनी सकाळी पास केलेला वस्तरा मी हातात घेतला. शिंगाच्या मुठीचा, त्यांचा लाडका. सहज म्हणून माझ्या हातावर फिरवून पाहिला. चांगल्या धारेने मनगटावरची लव कातडीला न टेकता उडते, हे त्यांनीच सांगितलेलं. लव नुसती वाकली. मग जरा टेकवून फिरवला. तरी वाकली आणि परत उभी राहिली. डोक्यातला एक केस उपटून धारेवर सोडला. तो घसरून खाली पडला, अख्खाच्या अख्खा.

दुसरा वस्तरा पाहिला. तोही तसाच.

मग एकदम सगळं लक्षात यायला लागलं. मामा हल्ली एवढा दाब देऊन दाढी का करतात, गालाची कातडी कानापर्यंत का ताणतात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाणी का येतं. तुरटी फिरवताना परवा एकजण खुर्चीतून उठायचाच बाकी होता. बोथट वस्तरे आहेत आणि ते नुसत्या जोरावर ओढले जातायत. मामांच्या अंगठ्याला काही कळतच नाही.

ते परत आले तेव्हा मी वस्तरे होते तसे ठेवले होते. "काय जावईबापू, गप्प गप्प?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, झोप येतेय."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. म्हणाली, "गेल्या महिन्यात त्यांच्या बोटाला चटका बसून फोड आला होता. त्यांना पत्ताच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, कुठे काय."

"मग तू बोल की त्यांच्याशी."

"मी? दुकानात कोण असतं दिवसभर?"

"मी जावई माणूस. मी कसं बोलणार?"

"आणि मी मुलगी माणूस. त्यांनी मला धार बघायला शिकवलं ते याच अंगठ्याने. मी त्यांना सांगू की तुमचा अंगठा मेला?"

दोघांनीही एकमेकांवर ढकललं आणि भाजी करपली. शेवटी मीच तोडगा काढला. मामा संध्याकाळी माझ्याआधी निघतात. त्यांच्या मागे मी एकेक वस्तरा दगडावर नीट लावून ठेवीन. सकाळी ते अंगठा फिरवतील, "हा चालेल" म्हणतील आणि तो खरंच चालेल. कुणाचा अपमान नाही, कुणाला त्रास नाही. ही म्हणाली, "हे बरोबर नाही वाटत मला." मी विचारलं, "मग दुसरं काय?" तिने करपलेली भाजी खरवडायला घेतली. म्हणजे पटलं असावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज संध्याकाळी शिंगाच्या मुठीचा वस्तरा लावला. आधी मामांचा जुना काळा दगड, मग माझा बाइंडिंगमधला बारीक दगड, तो मी छापखान्यातून आठवण म्हणून आणला होता. पाणी टाकत, पातं सपाट ठेवत, न दाबता. मग पट्टा.

केस सोडला. त्याचे दोन तुकडे झाले. आवाजसुद्धा नाही.

मी तीन-चार वेळा केस सोडून पाहिला. डोक्यावर मुळातच थोडे उरलेत, तरी. एवढी धार मामांच्या हातून त्यांच्या ऐन भरात तरी आली असेल का, असं मनात आलं. लगेच लाज वाटली. पण आलं हे खरं. बाकीचे सोमवारी लावतो. आज एवढाच पुरे.

रविवार, १६ नोव्हेंबर

दोन पानं लिहून फाडली, हे तिसरं.

सकाळी पिपाणीकाका आले. आज संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता, त्यात त्यांना मधे एकट्याला वाजवायचं होतं. म्हणाले, "आज गुळगुळीत करा, पुढच्या रांगेत माझी नात बसणार आहे." मामांनी शिंगाचा वस्तरा घेतला, अंगठा फिरवला, "हा चालेल," म्हणाले. मी कात्री खाली ठेवून खुशीत जवळ सरकलो. मला ते दृश्य बघायचं होतं.

मामांनी रेडिओ बंद करायला सांगितलं. पहिला हात गालावरून खाली आला आणि ते थांबले. पातं पुसलं. परत एकदा फिरवलं, कान अगदी काकांच्या गालाजवळ नेऊन. मग आरशात वर पाहिलं, नेमकं माझ्याकडे. मी झाडू घेतला आणि केस गोळा करायला लागलो. त्यांना काहीतरी हवं असेल असं वाटलं, पण मागितलं काही नाही.

दोन्ही गाल त्यांनी फार हळू केले, नुसतं पातं फिरतंय असे. मग हनुवटी आली. तिथे दाढी राठ असते, मामा तिथे नेहमीच जोर लावतात. खालच्या ओठाच्या कडेला पातं सर्रकन आत गेलं. काकांनी "अं" एवढाच आवाज केला. फेस लाल झाला.

तुरटी, थंड पाणी, टॉवेल. रक्त थांबता थांबेना. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा खालचा ओठ! त्यावरच तर ते वाद्य टेकतं. काका आरशात ओठ बघत राहिले आणि म्हणाले, "होतं असं." मामा म्हणाले, "माझा हात चुकला." आवाज अगदी साधा होता. एक टॉवेल होता हातात, त्याची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते.

हात चुकला नव्हता. हात रोजच्यासारखाच चालला होता. रोजची बोथट धार त्यात नव्हती, एवढंच. बोथट पात्याला जेवढा जोर लागायचा तेवढाच त्यांनी लावला आणि मी तिथे नवी धार ठेवली होती. हे ठाऊक असणारा दुकानात मी एकटा. आणि मी झाडू मारत होतो.

संध्याकाळी हिने बातमी आणली, काकांच्या जागी दुसऱ्याने वाजवलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बंदचा दिवस असून मामा घरी आले. पाणी घेतलं, बसले आणि म्हणाले, "उद्यापासून दाढ्या तुम्ही करा, जावईबापू. मी टॉवेल बघीन."

ही म्हणाली, "एकदा चुकलं म्हणून काय बाबा—"

"चुकलं ते चुकलं. माणसाच्या पोटावर वस्तरा आला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाहेर आलं ते असं: "बरं, तुम्ही म्हणाल तसं."

ते गेल्यावर मी दोनदा वाढून घेतलं जेवताना. हे मुद्दाम लिहितोय. मला खूप वाईट वाटत होतं आणि तरी मी दोनदा वाढून घेतलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सगळे वस्तरे मी लावले होते. काल-आज मिळून बऱ्याच दाढ्या केल्या. एकजण म्हणाला, "अरे वा, हात मऊ आहे तुमचा. कळलंच नाही." मामा मागच्या बाकावर टॉवेलांच्या घड्या घालत होते. ते उठून बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. ऊन खायला असेल.

मला ते वाक्य आवडलं. घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. जिना चढताना मात्र असं वाटलं की मी कुणाचे तरी कपडे घालून हिंडतोय आणि तो माणूस घरात उघडा बसलाय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पिपाणीकाकांकडे गेलो. ओठावर खपली धरलीय. ते क्लॅरिनेट हातात घेऊन नुसती बोटं चालवत बसले होते, न फुंकता. बोटांच्या टकटकीने सूर ओळखायला सांगितला मला. मी काय ओळखणार, हसलो.

म्हणाले, "तुमचा सासरा सोमवारी पहाटेच येऊन गेला. माफी मागत होता. मी म्हटलं, वेडा आहेस का. जाताना म्हणाला, जावयाला काही बोलू नकोस, त्याच्या मनात वाईट नव्हतं. मला कळेना, तुमचा काय संबंध?"

मलाही कळेना. मामा भोळे आहेत, सगळ्यांचंच सांभाळत बसतात.

मग काकांनी आवाज बारीक केला. "खरं सांगू का कागदवाले? कित्येक महिने त्याच्या दाढीने तोंड जळायचं माझं. रविवारी घरी जाऊन थंड पाण्याचा फडका ठेवायचो. पण सांगवेना. एवढा जुना माणूस, त्याला काय वाटेल. सगळेच गप्प बसायचे. गंमत म्हणजे त्या दिवशी गालाला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. म्हटलं, आला गडी परत रंगात. आणि तेवढ्यात हे."

मी चहा अर्धा टाकून उठलो. काका दारापर्यंत आले आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, मी येणार रविवारी. तो करणार असेल तरच." खपली धरलेल्या ओठाने हसायला गेले आणि हसणं अर्ध्यावर सोडलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हिच्याशी कडाक्याचं भांडण. तिला सगळं सांगितलं, जोर कसा लागला आणि ओठ कशाने कापला ते. तिला आधी वाटत होतं वडलांचा हातच चुकला. ऐकून तिने हातातले कपडे पलंगावर टाकले.

"आणि तुम्ही आठवडाभर त्यांना टॉवेलाच्या घड्या घालू देताय?"

"सांगितलं तर त्यांना कळेल की बोटं गेलीत. मग आयुष्यभरासाठी बसतील."

"आता कुठे उभे आहेत?"

मी म्हटलं, "हळूहळू सांगीन. त्यांना सोसेल असं."

ती म्हणाली, "त्यांच्या सोसण्याचं मला सांगू नका. तुम्हाला खुर्ची हवी होती."

हे साफ खोटं आहे. मी चांगल्यासाठीच केलं. खुर्ची मिळाली तर नको म्हणणार नव्हतो, पण ती हवी म्हणून केलं नाही. निदान फक्त त्यासाठी नाही. ती शेजारच्या खोलीत जुन्या कपड्यांची आवराआवर करतेय, कपाटाची दारं आपटून. मला ऐकू यावीत अशीच आपटतेय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी लवकर पोचलो तर मामा आधीच आलेले. वस्तऱ्यांची पेटी उघडी होती, काळा दगड ओला होता. म्हणजे पुन्हा त्यांनीच लावले होते. माझी सगळी धार त्या दगडावर जिरली असणार. एकच वस्तरा पेटीत बाजूला ठेवलेला, शिंगाच्या मुठीचा, कोरडा.

मामा खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मी त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माझी दाढी करा," म्हणाले. गळ्याभोवती टॉवेल स्वतःच गुंडाळला. मी फेस केला, लावला. त्यांनी एक वस्तरा उचलला, अंगठा आडवा फिरवला, डोळे मिटून, मान तिरकी करून. आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला.

"हा चालेल ना?"

मी घेतला. अंगठ्यावर पाहिला. काही धरत नव्हतं. नखावर पाहिला, मनगटावर पाहिला. लव वाकली आणि उभी राहिली. एवढं पाहायची गरज नव्हती, मी वेळ काढत होतो. जोर लावून दाढी करता आली असती. त्यांनी इतके महिने लोकांच्या केल्या तशी, त्यांच्याच चेहऱ्यावर. किंवा पट्ट्यावर मारण्याच्या निमित्ताने पाठ वळवून बदलता आला असता. दोन्ही मनात येऊन गेलं.

"नाही चालणार, मामा."

त्यांनी तो ठेवला, दुसरा उचलला. अंगठा फिरवला. "हा?"

"हाही नाही."

तिसरा. मी मान हलवली. चौथा. दर वेळी ते तेवढ्याच मन लावून अंगठा फिरवत होते, आणि दर वेळी मला नाही म्हणणं जास्त जड जात होतं. शेवटी पेटीत शिंगाच्या मुठीचा राहिला. त्यांनी तो अंगठ्यावर न पाहताच माझ्या हातात दिला.

मी केस सोडला. दोन तुकडे.

"हा चालेल," मी म्हटलं. "हा मी लावला होता. त्या शनिवारी. तुम्हाला न सांगता. काकांचा ओठ त्यानेच कापला, मामा. तुमचा हात चुकला नव्हता. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं होतं एवढं बोलून झालं की छातीवरचं ओझं उतरेल. मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा फेस कडेने वाळायला लागला होता.

"धार तुमची आहे, हे मी त्या दिवशी पात्याच्या आवाजावरूनच ओळखलं होतं. बाकीचे चालत नाहीत, हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच्या आदल्या शनिवारी."

"मग त्या आठवड्यात रोज सकाळी मी 'हा चालेल' म्हणालो. तुम्ही इथेच उभे होतात. गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करत होती, तुम्हाला दिसत होतं. मला का सोडलंत लोकांच्या गालांवर?"

मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट मला वाटलं असतं ना. त्यांची तोंडं का सोलायची?"

मी वस्तरा टॉवेलला पुसत राहिलो. एवढे दिवस मी ओठाच्या त्या एका चिरेसाठी स्वतःला खात होतो. त्या आधीच्या दिवसांचा हिशेब मी केलाच नव्हता, तिथे मी मला भला माणूस वाटत होतो.

ते म्हणाले, "फेस वाळतोय. करा आता." मी दाढी केली. डोळ्यांत पाणी येत होतं, ते बाहीने पुसत पुसत केली. त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज सकाळी मामांनी दगड भिजवला, वस्तरे लावले, पट्ट्यावर मारले आणि पहिला माझ्यापुढे धरला. "बघा." मी पाहिला. नाही म्हणालो. ते परत दगडाकडे गेले. पुन्हा आणला. पुन्हा नाही. बाकावर दोन गिऱ्हाइकं येऊन बसली होती आणि सगळं ऐकत होती. त्यांच्या चहाच्या ग्लासांचे आवाज थांबले. मामांच्या कानशिलावर घाम आला होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या. माझ्या मनात आलं, आता एकदा हो म्हणावं, थोडीफार धार आहे, बाकीची मी पट्ट्यावर भरून काढीन, कुणाला कळणार आहे.

तिसऱ्यांदा ते आले. मी अंगठा फिरवला आणि वस्तऱ्याकडे बघतच पुटपुटलो, "नाही, मामा."

"खाली बघून नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून सांगा."